किती अंतरावरून पाहायचं? : लेन्सची निवड आणि छायाचित्रकाराची शैली

१९५१ साली आलेल्या ‘बाजी’ या चित्रपटात शंभर मिलिमीटरच्या लेन्सने घेतलेले चौदाहून अधिक क्लोज-अप आहेत. चेहरा पडद्यावर भरून राहतो, मागचा दिवाणखाना किंवा क्लब विरघळून नुसता उजेड-अंधार उरतो आणि पात्र क्षणभर गोष्टीतून बाजूला निघून प्रेक्षकाच्या समोर येऊन बसतं. चित्रसृष्टीत पुढे अशा चित्रणाला ‘गुरुदत्त शॉट’ म्हणू लागले. दिग्दर्शक म्हणून गुरुदत्त यांचा तो पहिलाच चित्रपट होता. वय पंचविशीचं, जन्म बेंगळुरूचा, उमेदवारी पुण्याच्या ‘प्रभात’मधली. एका माणसाची शैली लेन्सच्या आकड्यावरून ओळखली जावी, अशी उदाहरणं भारतात फार नाहीत.

म्हणूनच प्रश्न पडतो, की शैली लेन्सची की माणसाची? फोटोग्राफी क्लबांमध्ये, कॅमेऱ्याच्या दुकानांत आणि कलाशाळांच्या वर्गांत यावर गेली कित्येक दशकं वाद चालू आहे. एक पक्ष म्हणतो, लेन्स हे फक्त अवजार, नजर महत्त्वाची. दुसरा पक्ष म्हणतो, जिच्यातून बघायचं तीच बदलली तर नजर कशी तीच राहील? बेंगळुरू आणि आसपासच्या कामाकडे पाहिलं तर दोन्ही पक्षांना पुरावे मिळतात. या शहराने सिनेमाचे छायालेखक दिले, वृत्तछायाचित्रकार दिले, जंगलात रमलेली एक अख्खी परंपरा दिली आणि छायाचित्राच्या खरेपणाचीच फिरकी घेणाऱ्या कलावंतही दिल्या. या सगळ्यांकडे एकत्र पाहताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवते. लेन्स निवडली की उभं राहायची जागा ठरते. ती जागा वर्षानुवर्षं तीच राहिली, की लोक तिला शैली म्हणू लागतात.

भिंग काय करतं, काय करत नाही

आधी थोडं प्रकाशशास्त्र. ३५ मिमी फिल्मवरच्या किंवा आजच्या ‘फुल फ्रेम’ कॅमेऱ्यातल्या चौकटीचा आकार ३६ गुणिले २४ मिमी, म्हणजे कर्ण सुमारे ४३ मिमी. लेन्सची फोकल लेंथ, म्हणजे तिच्यावरचा मिलिमीटरचा आकडा, या कर्णाच्या आसपास असली, की त्या लेन्सला ‘नॉर्मल’ म्हणायची पद्धत आहे. १९२५ साली बाजारात आलेल्या लायका कॅमेऱ्यावर ५० मिमीची लेन्स होती आणि तेव्हापासून तोच आकडा प्रमाण मानला गेला. ५० मिमीची लेन्स कर्णावर साधारण ४७ अंशांचा कोन टिपते, ३५ मिमी ६३ अंशांचा, २४ मिमी ८४ अंशांचा. उलट दिशेने गेलं तर ८५ मिमीला २८ अंश आणि पक्ष्यांमागे धावणाऱ्यांच्या ६०० मिमीला अवघे चार अंश मिळतात.

इथे एक जुना गैरसमज आडवा येतो. ‘वाइड लेन्स नाक मोठं करते’, ‘टेली लेन्स मागचा डोंगर जवळ ओढते’ असं सर्रास म्हटलं जातं. प्रत्यक्षात चित्रातलं यथार्थदर्शन, म्हणजे जवळच्या आणि लांबच्या वस्तूंच्या आकारांचं परस्परांशी नातं, कॅमेरा कुठे आहे एवढ्यावरच ठरतं. एकाच जागी उभं राहून २४ आणि २०० मिमीने फोटो काढले आणि पहिल्याचा मधला तुकडा कापून मोठा केला, तर तपशील भुरकट होतील, पण डोंगर आणि झाड यांचं नातं दोन्हींत तंतोतंत तेच दिसेल. बदल घडतो तो फोटोग्राफर जागचा हलल्यामुळे. २८ मिमीने चेहरा चौकटीत भरायचा तर फूट-सव्वा फुटावर जावं लागतं. १३५ मिमीने तोच चेहरा पाच-साडेपाच फुटांवरून भरतो.

या फरकाची मोजदादही झाली आहे. अमेरिकेतल्या चेहऱ्याच्या प्लास्टिक सर्जरीच्या एका नियतकालिकात २०१८ साली आलेल्या टिपणानुसार बारा इंचांवरून काढलेल्या सेल्फीत पुरुषाचं नाक पाच फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. सेल्फीतलं नाक पाहून शस्त्रक्रियेची चौकशी करणाऱ्या रुग्णांना समजावण्यासाठी डॉक्टरांनी हा हिशेब मांडला होता.

५० मिमीची लेन्स ‘डोळ्यासारखं’ पाहते, हेही असंच एक अर्धसत्य. बर्कलीच्या एमिली कूपर, एलिस पियाझा आणि मार्टिन बँक्स यांनी २०१२ साली केलेल्या अभ्यासात दिसलं, की फोटो किती लांबून पाहायचा हे माणसं त्याच्या आकारावरून ठरवतात, तो कोणत्या लेन्सने काढला आहे यावरून नाही. वाइडचं चित्र खरं तर नाकाशी धरून पाहायला हवं आणि टेलीचं चार पावलं मागे सरकून. तसं कुणी करत नाही, म्हणून पहिलं ताणलेलं वाटतं आणि दुसरं चपटं. ५० मिमीच्या आसपासची चित्रं आपल्या पाहण्याच्या सवयीशी जुळतात, एवढंच. म्हणजे लेन्सचा परिणाम प्रेक्षकाच्या आळसावरही बेतलेला असतो आणि चांगला छायाचित्रकार या आळसाचा पुरेपूर फायदा उठवतो.

पुण्यातला डोळा, मुंबईतला चेहरा

भारतीय पडद्यावर लांब लेन्सची गोष्ट ‘बाजी’च्या बरीच आधी सुरू होते. कोल्हापूरहून पुण्याला आल्यावर प्रभात फिल्म कंपनीने केलेला पहिला चित्रपट म्हणजे १९३४ सालचा ‘अमृतमंथन’. व्ही. शांताराम त्याआधी जर्मनीला जाऊन आले होते. या चित्रपटात राजगुरूच्या डोळ्याचा पडदाभर घेतलेला क्लोज-अप आहे. मराठी आवृत्तीत राजगुरू झाले होते केशवराव दाते आणि हिंदीत चंद्रमोहन. टेलीफोटो लेन्सचा भारतीय चित्रपटातला पहिला वापर म्हणून त्या डोळ्याचा उल्लेख होतो. तिथे लेन्सचं काम होतं धाक बसवण्याचं. धर्मसत्तेचा प्रचंड डोळा प्रेक्षकावर रोखलेला.

दहा वर्षांनी, १९४४ मध्ये, गुरुदत्त त्याच प्रभातमध्ये दाखल झाले. ‘अमृतमंथन’चा डोळा त्यांनी मनात ठेवला होता की नाही, हे ठरवणं अवघड. पण लांब लेन्सचं काम त्यांच्या हाती पुरतं पालटलं. धाकाची जागा जवळिकीने घेतली. त्या काळच्या सिनेमाची चौकट स्थिरचित्राच्या चौकटीपेक्षा लहान असल्याने तिथली शंभर मिमी लेन्स म्हणजे आजच्या फुल फ्रेमवर सुमारे १६० मिमी. इतक्या लांब लेन्सने चेहरा भरायचा तर कॅमेरा नटापासून बराच दूर ठेवावा लागतो. नटाच्या नाकाशी यंत्र नाही, दिवे अंगावर नाहीत, त्यामुळे चेहऱ्यावरचा ताण कमी होतो. प्रेक्षकाला मात्र वाटतं, आपण अगदी जवळ आहोत. कॅमेरा लांब आणि माणूस जवळ, या विसंगतीत गुरुदत्तांच्या क्लोज-अपची जादू आहे.

ती पुढे नेली व्ही. के. मूर्ती यांनी. म्हैसूरचे मूर्ती, बेंगळुरूच्या श्री जयचामराजेंद्र पॉलिटेक्निकमधून १९४६ साली छायालेखनाची पदविका घेऊन मुंबईला गेले. ‘बाजी’च्या वेळी ते सहायक होते आणि ‘जाल’पासून गुरुदत्तांचे छायालेखक झाले. ‘प्यासा’तले चेहरे त्यांचेच. आणि १९५९ साली ‘कागज के फूल’ करताना या जोडीने स्वतःच्याच सवयीविरुद्ध उडी मारली. हा भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट. सिनेमास्कोपची लेन्स रुंद दृश्य दाबून फिल्मवर बसवते आणि प्रक्षेपणाच्या वेळी ते पुन्हा पसरवते. त्या काळच्या स्कोप लेन्सांची खोड अशी, की कॅमेरा फार जवळ गेला तर चेहरे गालफुगी झाल्यासारखे रुंद दिसत. जी जवळीक ही या जोडीची ओळख होती, तीच आता सहज हाताशी नव्हती. चित्रपट पाहून लक्षात राहतो तो रिकामा, अवाढव्य स्टुडिओ, त्यात उभी राहिलेली दोन लहान माणसं आणि मूर्तींनी आरसे लावून आत आणलेला उन्हाचा झोत. एकटेपणा तोच, पण ‘प्यासा’त तो चेहऱ्यावर होता आणि इथे तो भोवतालच्या पोकळीत गेला. मूर्तींना २००८ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. हा मान मिळवणारे ते पहिले छायालेखक. अखेरची वर्षं त्यांनी बेंगळुरूतच काढली आणि २०१४ साली तिथेच त्यांचं निधन झालं.

लेन्स बदलली, चौकट बदलली, तरी हात त्यांचाच ओळखू येतो. ‘नजर महत्त्वाची’ म्हणणाऱ्यांना याहून चांगला साक्षीदार सापडणार नाही. पण त्याच वेळी हेही खरं, की नवी लेन्स आली नसती तर ती पोकळी त्यांना सुचली असती का, असं विचारायला जागा उरते.

व्यक्तिचित्रणातली ही मधली लांबी जगभर टिकून आहे. स्टीव्ह मॅकरी यांनी १९८४ साली पाकिस्तानातल्या निर्वासित छावणीत टिपलेली अफगाण मुलगी १०५ मिमीच्या निकॉर लेन्समधून बघते. त्याच्या जवळपास सव्वाशे वर्षं आधी कोलकात्यात जन्मलेल्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांनी इंग्लंडमध्ये मोठ्या फोकल लेंथच्या लेन्सने भुरकट कडांचे चेहरे टिपले. तेव्हाच्या टीकाकारांनी त्याला तांत्रिक चूक म्हटलं. आज ती भुरकटच त्यांची सही मानली जाते.

पेठेतली गल्ली आणि मागे सरकायची सोय

बेंगळुरूच्या जुन्या पेठेत, चिकपेटेत किंवा अॅव्हेन्यू रोडवर, लांब लेन्स घेऊन जाणारा लवकरच कंटाळतो. मागे सरकायला जागाच नसते. चैत्र पौर्णिमेच्या रात्री धर्मराय स्वामींच्या देवळातून करग उत्सवाची मिरवणूक निघते, तिगळ समाजाचा मानकरी द्रौपदीच्या रूपात डोक्यावर फुलांनी मढवलेला करग, म्हणजे कलश, घेऊन पेठेतून जवळजवळ धावत निघतो आणि भोवती तलवारधारी वीरकुमार. त्या गर्दीत फोटोग्राफरला धक्के खात हातभर अंतरावरूनच टिपावं लागतं. २४ किंवा २८ मिमी ही तिथे आवडीपेक्षा जास्त गरज असते. चित्रांतली धावपळ, कडेला अर्धे कापले गेलेले चेहरे, पुढे आलेली तलवार, हे सगळं त्या जागेनेच दिलेलं.

वाइड लेन्सला शैली बनवणाऱ्यांनी अशाच सक्तीचा उपयोग केला. विल्यम क्लाइन यांनी १९५६ च्या न्यूयॉर्कवरच्या पुस्तकात लोकांच्या तोंडासमोर कॅमेरा धरला आणि चेहरे कडेला ताणू दिले. योसेफ कुडेल्का यांनी पूर्व युरोपातल्या जिप्सी वस्त्यांत २५ मिमीची लेन्स वापरली, कारण त्या घरांच्या खोल्या लहान होत्या, उजेड कमी होता. वाइड लेन्समध्ये जवळचं आणि लांबचं दोन्ही स्पष्ट राहतं, हा तिचा तिथला मोठा फायदा. याच्या उलट टोकाला ऑंरी कार्तिए-ब्रेसाँ. ५० मिमीवर त्यांनी जवळपास आयुष्य काढलं. १९४७-४८ मध्ये ते भारतात होते आणि गांधीजींच्या अखेरच्या दिवसांची, अंत्ययात्रेची त्यांची चित्रं आजही डोळ्यांसमोर येतात. त्यांत कुणीही अंगावर येत नाही. पाहणारा शिष्टाचार सांभाळून उभा आहे, असं वाटत राहतं.

म्हैसूरचे टी. एस. सत्यन याच शिष्टाचाराच्या घराण्यातले म्हणता येतील. १९४८ साली निघालेल्या ‘डेक्कन हेरल्ड’मध्ये ते छायाचित्रकार झाले, नंतर ‘इलस्ट्रेटेड वीकली’त आणि पुढे स्वतंत्रपणे काम करत राहिले. १९७७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि १९७९ च्या बालवर्षात त्यांची मुलांची छायाचित्रं न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रसंघाच्या मुख्यालयात लागली. सत्यन यांच्या चित्रांत खेळणारी मुलं, शाळा, बाजार, रस्त्यावरची माणसं आहेत आणि ती बहुतेक दोन-चार पावलांच्या अंतरावरून दिसतात. इतकं अंतर, की मूल ओळखू येतं, त्याचे सवंगडी दिसतात, आणि घराचा ओटाही चौकटीत राहतो. त्यांच्या कामात लेन्सची करामत शोधणाऱ्याची निराशा होईल. ती जाणवू न देणं, यातच त्यांचं कसब आहे.

रघुबीर सिंह मुंबईत आले तेव्हा त्यांनी तिसरीच वाट धरली. १९९४ मधल्या त्यांच्या मुंबईवरच्या पुस्तकात एका चौकटीत चार-पाच घटना एकदम चालू असतात. दुकानाची काच, तिच्यात उमटलेला रस्ता, काचेमागचा विक्रेता, आणि कडेने निघून जाणारा कुणीतरी. रुंद कोन आणि रंग यांच्याशिवाय हे साधलं नसतं. मुंबईत कुठलीही एक गोष्ट एकटी कधीच घडत नाही, हे त्यांना लेन्समधून सांगता आलं.

अंतराचं आणखी एक टोक महाराष्ट्रात सापडतं. उद्धव ठाकरे यांनी हवाई छायाचित्रणातून किल्ल्यांवर ‘महाराष्ट्र देशा’ आणि पंढरीच्या वारीवर ‘पहावा विठ्ठल’ ही पुस्तकं केली. वरून पाहिलेल्या वारीत वारकऱ्याचा चेहरा नसतो, दिसतो तो माणसांचा वाहता पट्टा आणि रिंगणाचं वर्तुळ. दिंडीत चालत, घामाच्या वासात २८ मिमीने टिपलेली वारी याहून अगदी निराळी. दोन्ही खऱ्या आहेत. फक्त एकीत समाज दिसतो, दुसरीत माणूस.

दगडाला घाई नसते

माणूस नसलेल्या विषयात अंतराचा प्रश्न वेगळा होतो. लिनिअस ट्राइप हा कंपनी सरकारच्या सैन्यातला अधिकारी. १८५४ च्या अखेरीस त्याने हळेबीडू आणि बेलूरची होयसळ मंदिरं मोठ्या कागदी निगेटिव्हवर टिपली. १८५६ मध्ये मद्रास सरकारचा अधिकृत छायाचित्रकार म्हणून नेमणूक झाल्यावर पुढच्या वर्षी त्याने बेंगळुरूत बस्तान मांडलं. मंदिरांची उंची चौकटीत घ्यायला कॅमेरा वर कलवला, की खांब आत झुकल्यासारखे दिसतात. ट्राइपच्या चित्रांत भिंती ताठ उभ्या राहतात, कारण मोजणीदाराची शिस्त त्याच्यात मुरलेली होती. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या पायथ्याशी कोरलेला लेख टिपताना त्याची खरी कसोटी लागली. इतका लांब मजकूर एका चौकटीत वाचण्याजोगा मावणार नव्हता. १८५८ मध्ये त्याने भिंतीपासूनचं अंतर तेच राखत कॅमेरा पुढे पुढे सरकवला आणि २१ प्रिंट जोडून सुमारे १९ फुटांची पट्टी तयार केली. वाइड लेन्स हाती नसलेल्या माणसाने पायांनी केलेला तो वाइड शॉट होता.

जंगलातली सक्ती

कर्नाटकातल्या काही अभयारण्यांत आणि व्याघ्र प्रकल्पांत कॅमेऱ्याचं शुल्क लेन्सच्या लांबीप्रमाणे वाढतं. छोटी लेन्स असेल तर कमी, लांब असेल तर जास्त. लेन्स आणि महत्त्वाकांक्षा यांचा संबंध सरकारी दरपत्रकात इतक्या स्पष्टपणे क्वचितच लिहिला गेला असेल.

या जंगलांशी बेंगळुरूचं नातं जुनं आहे आणि त्यात एक मराठी नाव ठळक आहे. बळ्ळारीजवळच्या संडूर संस्थानचे मुरारीराव यशवंतराव घोरपडे. गुत्तीच्या मुरारराव घोरपड्यांशी नातं सांगणारं हे मराठा घराणं. एम. वाय. घोरपडे देवराज अर्स यांच्या मंत्रिमंडळात १९७२ ते १९७७ या काळात कर्नाटकचे अर्थमंत्री होते. अंदाजपत्रकातून सुटका झाली, की हा माणूस कॅमेरा घेऊन जंगलात जाई. १९८३ साली त्यांचं ‘सनलाइट अँड शॅडोज’ हे पुस्तक निघालं. त्यांचं गाजलेलं काम कृष्णधवल आहे आणि त्यात प्राण्यापेक्षा उजेडाला मोठी भूमिका आहे. लांब लेन्सने अंतर तोडलं, तरी चौकटीत बांबूचं बन, धूळ आणि तिरप्या उन्हाची जाळी ठेवायची त्यांना निकड वाटे. प्राण्याचा नुसता ‘पुरावा’ आणण्यात त्यांना रस नव्हता.

त्यांच्याच पिढीत बेंगळुरूचे टी. एन. ए. पेरुमाळ होते. ओ. सी. एडवर्ड्स यांच्याकडून त्यांनी धडे घेतले आणि पुढे स्वतः कित्येकांचे गुरू झाले. तिकडे मद्रासला एम. कृष्णन यांनी निरनिराळ्या कंपन्यांचे भाग जुळवून आपला कॅमेरा घडवला होता आणि त्याला ते गमतीने ‘सुपर पाँडरोसा’ म्हणत. आज दहा लाखांच्या पुढे किंमत असलेल्या ६०० मिमी लेन्सने टिपलेला हत्ती आणि कृष्णन यांचा हत्ती शेजारी ठेवले, तर पहिल्यात केसन् केस मोजता येतो, दुसऱ्यात हत्ती कळतो.

सफारीच्या गाडीतून खाली उतरता येत नाही. गाड्यांचे रस्ते ठरलेले, प्राण्यापासूनचं अंतर त्याच्या मर्जीवर. जागा निवडण्याचं स्वातंत्र्य इथे जवळजवळ संपतं आणि उरते ती लांबी. बेंगळुरूच्या तंत्रज्ञान उद्योगातला पैसा, भाड्याने मिळणाऱ्या महागड्या लेन्सा आणि शनिवार-रविवारची काबिनीच्या जंगलातली सफारी यांच्या जोरावर गेल्या दोन दशकांत हजारो हौशी छायाचित्रकार तयार झाले. त्यांची चित्रं तांत्रिकदृष्ट्या निर्दोष असतात आणि बरीचशी एकमेकांसारखी दिसतात. सगळे एकाच गाडीरस्त्यावर, एकाच लांबीमागे, मागचं जंगल लोण्यासारखं विरघळवून प्राण्याचा चेहरा टिपतात. वाघ कोणत्या अरण्यातला, हे अनेकदा मथळा वाचल्यावरच कळतं.

या एकसुरीपणाला उत्तरही इथूनच आलं. संगणक क्षेत्रातली नोकरी सोडून जंगलाकडे वळलेले कल्याण वर्मा यांच्या कामात लहान दिसणारा प्राणी आणि मोठा दिसणारा प्रदेश वारंवार भेटतो. अमोघवर्ष यांच्यासोबत त्यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘वाइल्ड कर्नाटक’ या माहितीपटाला डेव्हिड अॅटनबरो यांचा आवाज लाभला. घाट, नदी, पाऊस आणि प्राणी एकाच चौकटीत राहिले, की प्रश्न अधिवासाचा होतो, आणि संवर्धनाच्या दृष्टीने तो चेहऱ्याच्या प्रश्नाइतकाच मोठा आहे.

जंगलाने अंतराच्या हिशेबात एक गुंताही घातला. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी १९२० च्या दशकात वाटेवर तार बांधून वाघाकडूनच फोटो काढून घेतले. आजचे कॅमेरा ट्रॅप याच युक्तीची पुढची पायरी. वाइड लेन्स बिबट्याच्या नाकापासून दोन हातांवर, आणि फोटोग्राफर घरी झोपलेला. कॅमेऱ्याचं अंतर आणि माणसाचं अंतर इथे वेगळं पडतं. तरी कॅमेरा कोणत्या पायवाटेवर, किती उंचीवर आणि कोणत्या डोंगराला पाठीशी घेऊन लावायचा, हा निर्णय माणसाचाच. धोका पत्करून जवळ जायचं नसेल, तर प्राण्याच्या सवयी जवळून कळाव्या लागतात. जवळ जाण्याला मर्यादाही आहे. घरट्याशी जाऊन काढलेली पक्ष्यांची चित्रं एके काळी या छंदाचं शिखर मानली जात. आज पक्ष्यांना त्रास होतो म्हणून अनेक स्पर्धा ती स्वीकारत नाहीत. एक अख्खी शैली लेन्समुळे नाही, तर नीतीच्या विचारामुळे बाद झाली.

जिथे लेन्स गौण ठरते

बेंगळुरूच्या पुष्पमाला एन. आणि क्लेअर आर्नी यांनी २००० ते २००४ या काळात ‘नेटिव्ह विमेन ऑफ साउथ इंडिया’ ही मालिका केली. राजा रविवर्म्याच्या छापील देवी-नायिका, वसाहतकाळातली मानववंशशास्त्रीय छायाचित्रं, सिनेमातली दृश्यं यांच्या हुबेहूब प्रतिकृती स्टुडिओत उभ्या करून पुष्पमाला स्वतः त्यांत शिरल्या आणि आर्नी यांनी त्या टिपल्या. रविवर्म्याच्या छापखान्याचा प्रवास मुंबई ते मळवली असा झाल्याने ही चित्रं मराठी घरांच्या भिंतींवर पिढ्यान्‌पिढ्या राहिली आहेत, त्यामुळे आपल्याकडच्या प्रेक्षकाला ही गंमत चटकन कळते.

इथे कॅमेऱ्याच्या अंतराचा निर्णय शंभर वर्षांपूर्वीच कुणीतरी घेऊन ठेवलेला आहे. मूळ चित्र जितक्या अंतरावरून पाहत होतं, तितक्याच अंतरावर उभं राहायचं. लेन्सने स्वतःची सही करायची नाही, हीच अट. या कामाला जी ओळख आहे ती कल्पनेची, पोशाखाची, रंगवलेल्या पडद्याची आणि चेहऱ्यावरच्या किंचित मिश्किल भावाची. शैलीचं सगळं श्रेय लेन्सला देणाऱ्यांनी ही मालिका जरूर पाहावी.

दुसरा अपवाद प्रत्येकाच्या खिशात आहे. बहुतेक मोबाइलचा मुख्य कॅमेरा फुल फ्रेमच्या हिशेबात २४ ते २६ मिमीच्या आसपास पाहतो. कोट्यवधी लोक एकाच लांबीच्या लेन्सने लग्नं, बारशी, सूर्यास्त आणि मसाला डोसे टिपत आहेत. ‘पोर्ट्रेट मोड’ मागची भिंत धूसर करतो, कधी कधी अगदी ८५ मिमीसारखी. पण मुख्य कॅमेऱ्याने फुटाभरावरून काढलेला चेहरा तसाच फुगलेला राहतो, कारण सॉफ्टवेअरने धुकं रंगवलं तरी काढणारा मागे सरकलेला नसतो. गणिताने पार्श्वभूमी पुसता येते, पावलं मात्र स्वतःच टाकावी लागतात. तरीही मोबाइलवर काम करणाऱ्यांत काहींची चित्रं शंभरांतून ओळखू येतात. लेन्स सगळ्यांना सारखी मिळाली, की फरक ओळखायची परीक्षा उलट सोपी होते.

शिकवण्याची पद्धत आणि हरवलेल्या नोंदी

फोटोग्राफीच्या गुरूंचा एक जुना सल्ला आहे : झूम घरी ठेवा, एक प्राइम, म्हणजे एकाच ठरलेल्या लांबीची, लेन्स वर्षभर वापरा. स्थिरचित्रासाठीची झूम १९५९ साली ‘झूमार’च्या रूपाने आली, त्याआधी या सल्ल्याची गरजच नव्हती. झूमने चौकट बोटाने बदलता येते आणि त्यामुळे पाय आळशी होतात, ही तक्रार रास्त आहे. पण लग्नाच्या मांडवात किंवा राजकीय सभेत जागा सोडता येत नाही, तिथे झूम नसेल तर फोटोच नसेल, हेही रास्त. सल्ल्याचा खरा फायदा वेगळा आहे. महिनोन्‌महिने ३५ मिमी वापरली, की डोळ्याला कॅमेरा लावण्याआधीच माणूस योग्य अंतरावर येऊन उभा राहतो. विषय दिसताच पाय आपोआप किती पुढे जातात, हे ठरून जातं. ओझूंसारख्या जपानी दिग्दर्शकाने जवळपास सगळे चित्रपट ५० मिमीने केले, ते हौस म्हणून नव्हे. त्यांच्या घरांतल्या माणसांना ते नेमकं तेवढंच जवळ बसू देत.

या सगळ्या आढाव्यात एक अडचण सतत आडवी येते. भारतातल्या छायाचित्रकारांनी नेमकी कोणती लेन्स कधी वापरली, याची माहिती तुटक आहे. बेंगळुरूच्या कस्तुरबा रोडवर फेब्रुवारी २०२३ मध्ये दार उघडलेल्या म्युझियम ऑफ आर्ट अँड फोटोग्राफीत सत्यन यांच्या कामाचं मोठं प्रदर्शन झालं. असं कोणतंही प्रदर्शन पाहिलं तर भिंतीवरच्या पट्टीवर छायाचित्राचं साल, कागदाचा प्रकार, प्रिंटचा आकार असतो. लेन्सचा उल्लेख सहसा नसतो. चित्रकाराच्या कुंचल्याबद्दल संशोधक पानंच्या पानं लिहितात, छायाचित्रकाराच्या भिंगाबद्दल मात्र इतिहास बहुधा गप्पच असतो.

डिजिटल कॅमेऱ्याने ही नोंद आपसूक ठेवायला सुरुवात केली. प्रत्येक फाइलमध्ये फोकल लेंथ, अॅपर्चर, वेळ असते आणि वर्षभराची चित्रं फोकल लेंथप्रमाणे लावून कोणती लांबी किती वेळा वापरली, हे एका क्लिकमध्ये दिसतं. पण समाजमाध्यमांवर टाकताना ही माहिती बहुतेकदा पुसली जाते आणि छापील पुस्तकांत ती येतच नाही. १९७१ पासून चालू असलेल्या बेंगळुरूच्या यूथ फोटोग्राफिक सोसायटीसारख्या क्लबांत अजूनही फिल्मच्या काळात काम केलेले सदस्य आहेत. कोणत्या कपाटात कोणती लेन्स पडून आहे, ती कुणाकडून विकत घेतली आणि कोणत्या चित्रासाठी वापरली, हे त्यांना तोंडपाठ असतं. संग्रहालयांनी प्रिंटबरोबर हेही विचारून लिहून घेतलं, तर पुढच्या पिढीतल्या संशोधकाला शैलीबद्दल अंदाजाने बोलावं लागणार नाही.